जाळी कशाची आहे ते आधी बघा, ब्रश मग निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गॅसवर चालणारं बार्बेक्यू ग्रिल दोन वर्षं वापरात आहे. जाळीवर काळा जाड थर चढलाय. घासायचा तारेचा ब्रश आता तारा गाळायला लागलाय. जाळीचा चकचकीत काळा लेप दोन-तीन ठिकाणी उडून खाली तांबूस दिसतंय. तर आता काय घ्यावं? पुन्हा तसाच ब्रश, घासायचा दगड, लाकडी पट्टी, की ओव्हन क्लीनर मारून एकदाच सगळं उतरवून टाकावं?

ब्रशचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. तो ब्रश आजच फेकून द्या. 'अजून थोडे दिवस चालेल' हा हिशोब इथे करू नका. गळलेली तार बारीक, जेमतेम सेंटिमीटरभर लांब असते. ती काळ्या चिकट सळीला चिकटते आणि तिथून पदार्थाला. दिसत नाही, घासात जाणवतही नाही, आणि मग घशात रुतते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात एकाच रुग्णालय समूहात असे ६ रुग्ण आले, आणि तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१२ साली त्यावर अहवाल काढला. काहींच्या मानेच्या मऊ भागात तार घुसली होती, तर काहींच्या आतड्याला भोक पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे २०१६ साली मिसुरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००२ ते २०१४ या वर्षांचा अंदाज काढला, तो अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांपुरता सुमारे १,७०० घटनांचा होता. कोट्यवधी ग्रिलांच्या मानाने हा आकडा लहान आहे हे कबूल. पण जो धोका पंधरा सेकंदांच्या कामाने टळतो, तो का घ्यायचा? ते पंधरा सेकंदांचं काम पुढे सांगतो.

तारा का गळतात, तेही समजून घ्या, म्हणजे दुकानात ब्रश हातात घेतल्यावर काय बघायचं ते कळेल. बहुतेक ब्रशांमध्ये तारांचा झुबका लाकडी किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्यातल्या भोकात दाबून बसवलेला असतो. उष्णतेने लाकूड सुकतं, आकसतं, मग पावसात किंवा ओल्या हवेत पुन्हा फुगतं. भोक सैल होतं. शिवाय प्रत्येक फेऱ्यात तार मुळाशी वाकते आणि सरळ होते. पत्र्याचा तुकडा पुढे-मागे वाकवत राहिलं की जसा तो तुटतो, तशीच ती तार एक दिवस तुटते. किंमत जास्त दिली म्हणून हे थांबत नाही, फक्त लांबतं. पितळी तारांचा ब्रशही गळतो. पितळ मऊ असल्याने जाळीला ओरखडे कमी पडतात, पण घशाला त्याचा काही फायदा नाही.

आता त्या काळ्या थराकडे येऊ. लोक त्याला सरसकट 'काजळी' म्हणतात आणि तिथूनच चूक सुरू होते. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. वर ताजी, ओलसर चरबी असते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. त्याखाली तपकिरी, वार्निशसारखा चिकट थर असतो. तेल तापून त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि हा थर तयार होतो. साबणाला तो दाद देत नाही, अल्कली, म्हणजे सोड्याच्या जातीचा पदार्थ लागतो. तिसरा थर म्हणजे शुद्ध कोळसा: कडक, ठिसूळ, खरबरीत. हा कशातच विरघळत नाही. कुठल्याही बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, रसायन त्या कोळशाच्या खालचा चिकट थर सैल करतं आणि मग कोळसा पोपड्यासारखा सुटतो, एवढंच. म्हणून नुसतं शिंपडून पुसल्याने काम होत नाही आणि नुसतं रगडल्यानेही होत नाही.

माझं सोळा-सतरा वर्षांचं काम मोठ्या स्वयंपाकघरांमधली ग्रिलं सांभाळायचं आहे. त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो: निम्म्याहून जास्त सफाई आग करते, अवजार नाही. झाकण लावून सगळे बर्नर मोठे करा आणि दहा ते पंधरा मिनिटं रिकामं ग्रिल तापू द्या. आतलं तापमान २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की ओली चरबी जळून जाते, चिकट थर कोरडा पडतो आणि कोळसा ठिसूळ होतो. तोच कोळसा थंड जाळीवर घासून बघा, डांबर काढल्यासारखं वाटेल. तापलेल्या जाळीवर तो लाकडाच्या पट्टीनेही भुरभुर पडतो. ज्यांना 'लाकडी पट्टी काही कामाची नाही' असा अनुभव येतो, त्यांनी ती बहुतेक वेळा थंड किंवा कोमट जाळीवर चालवलेली असते.

पण आधी खालचा तेलाचा ट्रे रिकामा आहे ना, ते बघा. ट्रेमध्ये बोटभर चरबी साठलेली असताना ग्रिल पूर्ण जोरात तापवणं म्हणजे आगीला आमंत्रण. तशी आग लागलीच तर बर्नर बंद, झाकण बंद, हात पोहोचत असेल तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद. पाणी अजिबात ओतायचं नाही. पेटत्या चरबीवर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चारी दिशांना उडतं.

आणखी एक. काही जण जाळी लवकर तापावी म्हणून ती पूर्ण फॉइलने झाकतात. असं करू नका. उष्णता खाली कोंडते आणि बर्नर, व्हॉल्व्ह, नॉब यांचं नुकसान होतं.

आता जाळी कशाची आहे ते ओळखा. सगळी निवड यावरच ठरते. हातात जड, चुंबक चिकटतो, पृष्ठभाग मंद काळा आणि किंचित खडबडीत: साधं बीड. जड, चुंबक चिकटतो, पण काचेसारखी चकाकी: एनॅमल चढवलेलं बीड. कधीकधी तेच एनॅमल पोलादी सळ्यांवरही असतं, तेव्हा जाळी हलकी लागते. चांदीसारखा रंग आणि भरीव सळ्या असतील तर स्टेनलेस स्टील. ३०४ जातीच्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, ४३० ला चिकटतो. ४३० ला गंज लवकर धरतो, त्यामुळे स्वस्त स्टीलच्या जाळीवर तांबडे ठिपके दिसले तर दचकू नका. बारीक, हलक्या, आरशासारख्या चमकणाऱ्या तारांची जाळी म्हणजे बहुधा क्रोम किंवा निकेलचा मुलामा.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे चकचकीत काळं आणि खपली उडाल्यावर खाली तांबूस, ती एनॅमल चढवलेली जाळी आहे. सगळ्यांत जास्त जपावी लागते ती हीच, आणि लोक सगळ्यांत जास्त रगडतात तीही हीच. एनॅमल म्हणजे धातूवर सुमारे ८०० अंशांना भाजून बसवलेली काच. काच म्हटलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. घासायचा दगड तिच्यावर चालवायचा नाही. लोखंडी पट्टीच्या धारेने टोचायचं नाही. जाळी आपटायची नाही. आणि तापलेल्या जाळीवर थंड पाण्याचा फवारा मारायचा नाही. सुरुवातीच्या काळात मी हे एकदा केलं होतं. घाई होती, वाफेने छान सुटेल असं वाटलं. 'टिक टिक' असा आवाज आला आणि जाळीवर केसासारख्या बारीक भेगा उमटल्या. दोन महिन्यांत त्या जागच्या खपल्या निघाल्या.

एनॅमलसाठी मी तीन गोष्टी ठेवतो. तापलेल्या जाळीवर लाकडी पट्टी. नवी असताना तिची कड सरळ असते. पहिल्या चार-पाच वेळा तापलेल्या सळ्यांवर जोर देऊन चालवली की लाकूड जळून तुमच्या सळ्यांच्या मापाच्या खाचा पडतात, आणि मग ती सळीच्या बाजूंनाही लागते. मात्र प्रत्येक वेळी त्याच दिशेने, त्याच खाचांत धरायची. सागवान, बाभूळ, बीच असं कुठलंही कडक लाकूड चालतं, पण त्यावर रंग, वार्निश किंवा पॉलिश नको. दुसरी गोष्ट म्हणजे थंड जाळी धुताना नायलॉनचा ब्रश. थंड हा शब्द महत्त्वाचा आहे, गरम सळीवर नायलॉन वितळून चिकटतं आणि तो थर कोळशापेक्षा वाईट. तिसरी गोष्ट ओला कपडा आणि लांब चिमटा. हेच ते पंधरा सेकंदांचं काम: जाडसर सुती कपड्याची घडी ओली करून घट्ट पिळा, चिमट्यात धरा आणि गरम जाळीवर सळ्यांच्या दिशेने दोनदा फिरवा. उरलेली राख, सुटे कण आणि कुणी तारेचा ब्रश वापरला असेल तर त्याच्या तारा, सगळं कपड्यात येतं. घडीतल्या ओलाव्याने काच तडकत नाही, कारण पाणी अगदी थोडं असतं. वाफ मात्र हाताला भाजते, म्हणून चिमटा लांब हवा आणि हातमोजा कोरडा हवा. ओल्या मोज्यातून उष्णता झटकन आत येते.

स्टेनलेस स्टील असतं तर उत्तर बरंच सोपं होतं. त्याला जवळपास काहीही चालतं. स्प्रिंगसारख्या वळवलेल्या जाड तारेचा बिनकेसांचा ब्रश त्यासाठी चांगला, त्यातून तुटून पडण्यासारखं काही नसतं. गोल सळ्यांवर तो उत्तम चालतो. चपट्या, रुंद पट्ट्यांवर नुसता घसरतो, तिथे खाचांची स्टीलची पट्टी बरी. दोन गोष्टी टाळा. साध्या लोखंडाची तारेची घासणी वापरली की तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि ते गंजतात, मग लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं. आणि ब्लीच. त्यातल्या क्लोरीनने स्टीलवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. सळ्यांवर सोनेरी किंवा निळसर झाक आली असेल तर तो मळ नाही, उष्णतेने बदललेला रंग आहे. तो घालवण्यात अख्खी दुपार घालवणारे मी पाहिलेत. पुढच्या वेळी ग्रिल पेटवलं की झाक परत येते.

साध्या बिडाचं वागणं बिडाच्या तव्यासारखं. जाळून, खरवडून, पुसून, गरम असतानाच तेलाचा पुसट हात. साबणाने धुतलं म्हणून बिघडत नाही, भिजत ठेवलं की बिघडतं. छोट्या कड्यांची स्टीलची साखळी-घासणी मिळते, ती बिडावर फार छान चालते, कारण कड्या गोल असतात, कोळसा निघतो आणि खालचा मुरलेला तेलाचा काळा थर राहतो. तो काळा थर काढायचा नसतो, त्यानेच तर गंज थांबतो आणि पदार्थ चिकटत नाही. गंज आलाच असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास, मग घासून, धुऊन, लगेच आचेवर वाळवून तेल. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून विसरलात तर गंजाबरोबर बीडही खाल्लं जातं.

मुलाम्याच्या जाळीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मऊ हाताने धुवा, आणि मुलामा सोलायला लागला की जाळी बदला.

बाकी अवजारांचं पटकन. फॉइलचा गोळा करून चिमट्याने घासणं ही अडीनडीची युक्ती म्हणून चांगली आहे, स्टीलवर आणि बिडावर. एनॅमलवर हलक्या हातानेच. अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवणारे पुष्कळ भेटतात. त्यात जादू काही नाही, कांद्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती ताजा मळ सोडवते. जुन्या थरावर त्याचा उपयोग शून्य, आणि तेच काम ओला कपडा जास्त चांगलं करतो. फुगवलेल्या काचेचा घासायचा दगड सपाट लोखंडी तव्यासाठी झकास आहे, पण घासताना स्वतः झिजतो आणि भुगा सांडतो, तो नंतर नीट पुसावा लागतो. वाफेच्या ब्रशांबद्दल, म्हणजे ज्यांना पुढे ओलं करायचं जाड कापडी पॅड असतं, त्यांच्याबद्दल माझं मत बरं आहे, फक्त पॅड वरचेवर बदलावं लागतं. बदली पॅड सहज मिळत नसतील तर तो ब्रश घेऊच नका.

आता ओव्हन क्लीनर. कडक फवाऱ्यांमध्ये कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचं साबणात रूपांतर करतो, म्हणून काम जोरदार करतो. पण त्याचा हात अ‍ॅल्युमिनियमला लागता कामा नये, आणि बऱ्याच गॅस ग्रिलांची खालची पेटी किंवा झाकणाचा भाग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो. मी एकदा शिकाऊ मुलाला नीट न सांगता ट्रे भिजत टाकायला दिले होते. त्यातला एक अ‍ॅल्युमिनियमचा होता. थोड्या वेळाने बघतो तर टबात फेस उसळतोय, पाणी गरम झालंय आणि ट्रे काळाठिक्कर. त्या फेसात हायड्रोजन वायू असतो, जवळ ज्योत नव्हती हे नशीब. चूक त्या मुलाची नव्हती, सांगायचं माझं राहिलं होतं. म्हणून कॉस्टिक मारायचंच असेल तर जाळी ग्रिलमधून बाहेर काढून, थंड असताना, उघड्या हवेत, रबरी मोजे आणि चष्मा घालून. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही. नंतर भरपूर पाणी, आणि पुढचा पदार्थ ठेवण्याआधी रिकामं ग्रिल पंधरा मिनिटं तापवायचं.

तुमच्या जाळीला मी कॉस्टिक वापरणार नाही. तुमच्यासाठी धुण्याचा सोडा पुरेसा आहे. लक्षात घ्या, खायचा सोडा वेगळा. खायच्या सोड्याची अल्कली फारच सौम्य, पीएच ८ च्या थोडा वर. त्याची पेस्ट हलक्या मळाला ठीक, तीही मुख्यतः बारीक कणांनी घासलं जातं म्हणून. धुण्याच्या सोड्याचा पीएच ११ च्या आसपास जातो. टबात जाळी बुडेल इतकं कढत पाणी, दर बादलीमागे अर्धी वाटी धुण्याचा सोडा, थोडा भांड्यांचा साबण, आणि दोन-तीन तास. इथेही हातमोजे घाला आणि अ‍ॅल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची कृती तर विसरूनच जा. फेस बघायला मजा येते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हातात जवळपास खारट पाणी उरतं.

अमोनियाची एक जुनी पद्धत आहे: जाळी आणि थोडा अमोनिया बंद पिशवीत रात्रभर ठेवायचा, वाफेने थर सुटतो. ती चालते. पण अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, आणि सफाईच्या कपाटात या दोन बाटल्या नेहमी शेजारी असतात. घरी मी ही पद्धत कुणाला सुचवत नाही. स्वतः साफ होणाऱ्या ओव्हनमध्ये जाळी टाकण्याचंही तेच. तिथे तापमान ४८० अंशांच्या आसपास जातं, चरबीने माखलेल्या जाळीचा धूर घरभर होतो आणि क्रोमचा रंग कायमचा जातो.

तुमचा क्रम मग असा ठेवा. सिलेंडर बंद करून ट्रे आणि बर्नरवरचे पत्रे आधी साफ करा. ग्रिल पुन्हा जोडून पंधरा मिनिटं तापवा, लाकडी पट्टीने जेवढं निघेल तेवढं काढा. जाळी पूर्ण थंड होऊ द्या, अगदी हात ठेवता येईल इतकी, मग सोड्याच्या कढत पाण्यात. नायलॉनने घासा, धुवा, ग्रिलवर मंद आचेवर वाळवा. खपली उडालेल्या तांबूस जागांवर कपड्याने तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि अर्धा तास तापू द्या. तेल जास्त झालं तर चिकट राहतं, म्हणून लावल्यावर 'चुकून लावलं' असं समजून पुसून टाका. जवसाचं तेल टाळा, त्याचा थर कडक होतो पण पापुद्र्यासारखा सुटतो. डब्यातून फवारायचं तेल पेटत्या ग्रिलवर कधीच मारू नका, ज्योत फवाऱ्यावरून हाताकडे येते.

एवढं सगळं वर्षातून एक-दोनदा. रोजचं काम छोटं आहे. पदार्थ ठेवण्याआधी तापवून पट्टी आणि ओला कपडा. पदार्थ उतरवल्यावर जाळी गरम आहे तोवर पट्टीचा एक हात, बस्स. 'वरची चरबी राहू द्यावी, गंज लागत नाही' असं म्हणणारे आहेत. पातळ तेलाबद्दल ते खरं आहे. पण मीठ, आंबट आणि साखरेचा सॉस मिसळलेली चरबी तेलासारखी वागत नाही, ती गंजाला मदत करते, उंदीर-मुंग्यांना बोलावते आणि आठवड्याने तिला खवट वास येतो. जंतू आगीत मरतात, खवटपणा मरत नाही. साखर असलेला सॉस शेवटच्या काही मिनिटांत लावलात तर घासायचं कामच निम्मं होईल. आणि चिकटू नये म्हणून तेल लावायचं ते तापलेल्या जाळीला नको, पदार्थाला लावा. २५० अंशांच्या सळीवर तेल क्षणात धुराचं होतं आणि तोच तपकिरी थर पुन्हा चढतो.

उडालेल्या खपल्यांचं शेवटचं. दोन-तीन ठिपके असतील तर वर सांगितलेल्या तेलावर जाळी अजून बरीच वर्षं निघेल. पण धुतल्यावर नखाने हलकेच खरवडून बघा. खपलीची कड उचलली जात असेल, किंवा पांढऱ्या ताटलीत जाळी झटकल्यावर काळे, चमकदार, धारदार कण पडत असतील तर ती काच आहे, आणि ती पदार्थात जाणार. मग घासणं थांबवा आणि जाळी बदला. मापं घेताना लांबी-रुंदीबरोबर जाळी ज्या कडेवर बसते तिथली जाडीही मोजा, नाहीतर नवी जाळी हलते. आणि जमलं तर या वेळी भरीव सळ्यांची ३०४ स्टीलची घ्या.